आठवी ‘ब’चे चोपन्न पासवर्ड

हरकरे सरांनी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. या सत्तावीस वर्षांत आपण सांगितलेली एखादी गोष्ट कुणा विद्यार्थ्याने ऐकली आणि खरोखर तशी केली, असा एकही पुरावा त्यांच्या हाती लागला नव्हता. उलट पुरावे मात्र भरपूर होते. त्यांचा एक जुना विद्यार्थी आता सहली काढायचा धंदा करतो आणि गोंदिया नागपूरच्या पश्चिमेला आहे असं गिऱ्हाइकांना ठामपणे सांगतो. दुसरा एका लग्नात भेटला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, सर, तुम्ही इतिहास काय सुंदर शिकवायचे. सर त्या लग्नात जेवले, पण मठ्ठा न घेताच उठले.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. सत्कार होईल, शाल मिळेल, हे त्यांना ठाऊक होतं. पण कुणाच्या तरी डोक्यात आपलं एक वाक्य राहिलंय एवढं कळलं असतं, तर त्यांनी ती शाल आनंदाने परत केली असती. हे त्यांनी एकदा बायकोला, ताराबाईंना, बोलूनही दाखवलं होतं. ताराबाई म्हणाल्या होत्या की शाल आधी येऊ द्या, मग बघू.

अशात मुख्याध्यापिका गोपिकाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. वरून पत्र आलं होतं. मुलांना ऑनलाइन जगात सुरक्षित आणि जबाबदारीने कसं वागायचं हे शिकवायचं होतं, आणि संगणकाच्या शिक्षकाची जागा चार वर्षं रिकामी होती. सर म्हणाले, माझा विषय भूगोल आहे. बाई म्हणाल्या, फोनमध्ये नकाशे असतातच की. एवढ्या वर्षांच्या नोकरीत सर एक गोष्ट शिकले होते, की अशा युक्तिवादाला उत्तर देणाऱ्याकडे दुसरं एक काम येतं. त्यांनी पत्राची घडी करून खिशात घातली.

मग तीन तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. त्यातला पहिला तास ‘माझा आवाज येतोय का’ यात गेला. पण उरलेल्या दोन तासांत सर थक्क झाले. हे खरंच सांगतो, थक्क म्हणजे तोंड उघडं. कुठल्या तरी गावातल्या एका खोलीत बसलेला माणूस हजार मैलांवरच्या बाईला ताई म्हणतो, आणि ती बाई आपल्या तोंडाने त्याला घराची किल्ली सांगते, हे त्यांना खरं वाटेना. तो दरवाजाही दिसत नाही, चोरही दिसत नाही. त्या दिवशी जेवताना त्यांनी भाजीत मीठ आहे की नाही हेसुद्धा पाहिलं नाही. ताराबाईंना म्हणाले, "अगं, हे एक अख्खं जगच आहे, आणि त्याचा नकाशाच नाही."

शाळा नागपूरबाहेर वाडीला, अमरावती रोडवर. मुलं ड्रायव्हरांची, गोदामातल्या हमालांची, एका खोलीत भाड्याने राहणाऱ्यांची. घरात फोन एक, फार तर दोन, आणि तो चालवणारं पोर बहुतेक आठवीत. बापाला लोकेशन पाठवायचं असो की आईला गॅसचा नंबर लावायचा असो, घरचा सगळा ऑनलाइन कारभार या पोरांच्याच हाती. म्हणजे या चोपन्न जणांना सांगितलं, की चोपन्न घरांना सांगितल्यासारखं होतं. या विचाराने सर पार भारावून गेले आणि त्यांनी आठवी ‘ब’चे भूगोलाचे चार तास या कामी लावले.

पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. मित्राला नाही, मावशीला नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला नाही, पोलिसातून बोलतोय म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. अनोळखी फोन आला तर घरची माहिती द्यायची नाही, ठेवून द्यायचा. आणि आलेला मेसेज खात्री केल्याशिवाय पुढे ढकलायचा नाही. ही तीन वाक्यं त्यांनी फळ्यावर लिहून मुलांकडून तीन-तीनदा म्हणून घेतली. मग भक्कम पासवर्ड कसा असतो ते दाखवायला फळ्यावर पटकन सुचला तसा एक लिहिला, वर ‘नमुना’ लिहिलं, भोवती चौकट आखली आणि कोपऱ्यात ‘पुसू नये’ असं लिहून ठेवलं.

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. पण सर पडले जुने मास्तर. जो अभ्यास वहीत उतरला नाही तो झालाच नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे त्यांनी गृहपाठ दिला. प्रत्येकाने घरच्या फोनचा जुना पासवर्ड बदलून नवा भक्कम पासवर्ड तयार करावा, तो वहीत सुवाच्य अक्षरात लिहावा आणि खाली पालकांची सही आणावी.

चोपन्नच्या चोपन्न वह्या आल्या. हेच मुळात आश्चर्य होतं. नद्यांच्या गृहपाठाला कधी एकोणीसच्या वर आल्या नव्हत्या. सरांनी त्या मोठ्या कापडी पिशवीत घालून त्रिमूर्तीनगरला घरी आणल्या आणि संध्याकाळी गॅलरीत बसून लाल पेनाने तपासल्या. दहापैकी गुण दिले. खास चिन्ह नसेल तर दोन कापले, अंक नसेल तर तीन. मागच्या बाकावरच्या दोघांचे पासवर्ड अक्षर न् अक्षर सारखे निघाले, तिथे ‘नक्कल’ असा शेरा मारला. एका मुलीने इंद्रावती नदीचं नाव घेऊन पासवर्ड केला होता. कुणाला तरी इंद्रावती आठवली, या आनंदात सरांनी तिला दहापैकी अकरा दिले.

ताराबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी वरची वही उचलली, एक पान वाचलं आणि कप खाली ठेवला.

"अहो, हे काय तपासून राहिलात तुम्ही?"

"गृहपाठ."

"वहीवर नाव आहे, तुकडी आहे, बापाचा मोबाईल नंबर आहे. आत पासवर्ड आहे, खाली बापाची सही आहे." त्यांनी वही मिटली. "चोराला आणखी काय लागतं हो? चहा?"

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. आपण काय केलंय हे त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरत गेलं. चोपन्न घरं. ते तिथल्या तिथे पानं फाडणार होते, पण मग वाटलं, मुलांसमोरच फाडावीत, चूक कबूल करावी आणि सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावावेत. विचार चांगलाच होता. रात्रभर त्यांनी पिशवी पलंगाखाली ठेवली आणि ती तिथेच आहे ना, हे दोनदा उठून पाहिलं.

सकाळी दहाला स्कूटर काढली तर शेजारचे रुपराव फाटकात उभे. रुपराव मूळचे उमरेडचे. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. आयुष्यभर गाडीत सगळ्यांना पुढे सरका म्हणून सांगितल्यामुळे आता सगळ्यांना काही ना काही सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांना वाडीला पुतण्याकडे जायचं होतं. मले चौकात सोडून द्या, म्हणाले. रुपराव मागे बसले, त्यामुळे सीटवरची पिशवी सरांच्या पायाशी आली. वाटेत सरांनी त्यांना पिशवीची कथा सांगून टाकली. मन हलकं होईल असं त्यांना वाटलं होतं.

वाडीच्या अलीकडे रुपरावांना तर्रीपोह्यांची गाडी दिसली. पाच मिनटं, म्हणाले. पिशवी खाली मातीत ठेवायची सरांची तयारी नव्हती, आणि हातात धरून तर्री खाता येत नाही. शेजारी एक ट्रक उभा होता, त्याच्या मागच्या फळीला दोरी अडकवायचा हूक होता. रुपराव म्हणाले, लटकवा ना तिथं, डोयासमोर तर आहे. सरांनी लटकवली. नजर हलवायची नाही असं ठरवून त्यांनी पहिला घास घेतला. तर्री अशी जहाल होती की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून पाहतात तर समोर स्वच्छ मोकळा रस्ता, पलीकडचं गोदाम आणि त्याच्या भिंतीवरची सिमेंटची जाहिरात.

ट्रकचा नंबर दोघांनीही पाहिला नव्हता. सरांना आठवत होतं की मागे मोर काढलेला होता. रुपराव म्हणत होते हंस. दोघे स्कूटरवर बसून दोन किलोमीटर धावले. त्या रस्त्यावर एका वेळी चाळीसेक ट्रक होते, त्यातल्या तिसांवर मोर होता. एवढा माल रोज आपल्या शाळेसमोरून कुठून येतो आणि कुठे जातो, हे भूगोलाच्या शिक्षकाने सत्तावीस वर्षांत कधी नीट पाहिलं नव्हतं. अशाही अवस्थेत सर क्षणभर त्या रांगेकडे बघत राहिले.

पोहेवाल्याने सांगितलं की तो ट्रक पलीकडच्या ट्रान्सपोर्टचा असावा. तिथल्या ऑफिसात बापूजी नावाचे म्हातारे मुनीम बसले होते. सरांनी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. बापूजींनी शांतपणे ऐकलं आणि बिल्टी मागितली. बिल्टी म्हणजे माल चढवल्याची पावती. सर म्हणाले, बिल्टी नाही, पिशवी चुकून गेली. बापूजी म्हणाले, बिल्टी नाही म्हणजे माल चढला नाही. माल चढलाच नाही तर तो गेला कसा? सर म्हणाले, पण तो लटकत गेला. बापूजींनी रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात लटकत जाणाऱ्या मालाचा रकाना नव्हता. तरी माणूस भला. सगळ्या ड्रायव्हरांना निरोप देतो म्हणाले आणि पाणी पाजलं.

सर पाणी पीत होते तेवढ्यात बाकावर बसलेल्या रुपरावांनी, अगदी चांगल्या मनाने, कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकून दिला की वाडी येथे शाळेतील चोपन्न मुलांचे पासवर्ड हरवले आहेत, सापडल्यास हरकरे सरांशी संपर्क साधावा. सरांनी हे पाहिलं तेव्हा मेसेजखाली नमस्काराचे अकरा हात आले होते.

"रुपराव, हे काय केलंत?"

"काहून? आता सारेच शोधतीन ना. तुमी एवढं टेन्शन काहून घेऊन राहिले सर? मी आहो ना."

ते होते, हाच तर प्रश्न होता. सर त्यांना घेऊन पोलीस चौकीत गेले. हवालदार दुर्गेश अदबीने बोलला, कारण त्याचा भूगोल कच्चा होता आणि तो त्याने पहिल्याच वाक्यात कबूल केला. पण अडचण अशी की पिशवी हरवली असेल तर ते हरवल्याचं प्रकरण, अर्ज साध्या कागदावर. पासवर्ड गेले असतील तर ते सायबरचं, त्याचा अर्ज ऑनलाइन, आणि तो ज्याचा पासवर्ड गेला त्याने स्वतः करायचा. सर म्हणाले, पासवर्ड पिशवीत होते. दुर्गेशने बराच विचार केला. मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याने आपला फोन सरांपुढे धरला. त्याच्या सासऱ्यांनी पाठवलेला मेसेज होता. नागपुरातील शाळेच्या दोन हजार मुलांचे पासवर्ड लंपास, परदेशी टोळीचा हात, मुख्य सूत्रधार हरकरे.

"हे तुम्हीच का सर?" त्याने विचारलं.

चाळीस मिनिटं झाली होती. चाळीस मिनिटांत चोपन्नाचे दोन हजार झाले होते आणि सरांना परदेशी टोळी मिळाली होती. मेसेज खात्री केल्याशिवाय पुढे ढकलायचा नाही हे आपण मुलांना शिकवलं, मोठ्यांना कुणी शिकवायचं, असं त्यांच्या मनात आलं. रुपराव मात्र मेसेज एवढ्या लवकर एवढ्या दूर गेला म्हणून थोडे खूशच दिसले.

तेवढ्यात गोपिकाबाईंचा फोन आला. अकोल्याच्या नणंदेकडून त्यांनाही मेसेज आला होता. बाई ओरडल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. म्हणाल्या, मुलांना आणि त्यांच्या आईबापांना हे बाहेरून कळायच्या आत तुम्ही स्वतः वर्गात जाऊन सांगा. आणि यातल्या एकाही घराला धक्का लागला तर मी काय करायचं, ते आताच सांगून ठेवा. सरांनी फोन खिशात टाकला आणि स्कूटर काढली.

रुपरावांना पुतण्याच्या दारात सोडून सर शाळेत पोचले तेव्हा मधली सुट्टी संपत होती. जिना चढताना त्यांना एकेक घर दिसायला लागलं. कुणाचा बाप रायपूरच्या वाटेवर, कुणाची आई गोदामात पोती शिवणारी, कुणाच्या ताईचं लग्न दिवाळीनंतर. या लोकांनी मास्तर म्हणतो म्हणून डोळे मिटून सही केली होती. शाल, सत्कार सगळं राहू दे, आपल्यामुळे कुणाचं घर धुतलं जाऊ नये एवढंच, असं पुटपुटत ते वर्गात शिरले. मुलं उभी राहिली. सरांनी बसा म्हटलं नाही, स्वतःच टेबलाला टेकून उभे राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं. गृहपाठ देणंच चूक होतं, वहीत लिहायला सांगणं त्याहून मोठी चूक, आणि पिशवी हुकाला लटकवणं तर विचारूच नका. "चूक माझी आहे," ते म्हणाले, "मी तुम्हाला एक सांगितलं आणि स्वतः दुसरंच केलं. आज घरी गेल्या गेल्या सगळ्यांनी पासवर्ड बदला. आणि आईबाबांना सांगा, सरांनी माफी मागितली."

मग तिसऱ्या बाकावरची सोनिका, तीच इंद्रावतीवाली, हळूच बाकाबाहेर आली.

"सर, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग."

"वहीतले पासवर्ड खोटे आहेत. सगळ्यांचेच."

"काहून?" सर म्हणाले. सत्तावीस वर्षं वर्गात त्यांनी पुस्तकी मराठी सोडली नव्हती, पण तो शब्द आपला आपण निघून गेला.

"तुमीच सांगतलं होतं न सर. कोणालेच सांगायचा नाही." सोनिकाने मान खाली घातली. "कोणालेच म्हणजे तुमाले पण नाही, असं आमाले वाटलं."

"अगं पण बाबांची सही?"

"बाबाले सांगतलं, हा खोटा आहे, शाळेसाठी आहे, सही करा. बाबा म्हणे, बरोबर केलं."

सरांनी विचारलं, ज्यांचा खोटा आहे त्यांनी हात वर करा. चोपन्न हात वर गेले. मागच्या बाकावरच्या एकाने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याने शेजाऱ्याचा खोटा पाहून लिहिला होता. सर त्या हातांकडे बघत राहिले. गुण जायच्या भीतीने पोरांनी गृहपाठ केला होता, आणि तरी सांगितलेलं मोडलं नव्हतं. एकमेकांशी ठरवलेलंही नव्हतं म्हणे, आपापल्या घरी आपापलं सुचलं. चष्मा पुसायचा म्हणून त्यांनी काढला आणि बराच वेळ पुसला.

दारात शिपाई आला. ऑफिसातल्या फोनवर कुणीतरी ट्रकवाला होता. भंडाऱ्याच्या पुढे जेवायला थांबल्यावर त्याला मागे लटकणारी पिशवी दिसली होती. पण तो भयंकर वैतागलेला होता. वह्यांवर नंबर होते म्हणून त्याने भल्या मनाने एकेकाला फोन लावले होते. "मास्टरजी, चौदा फोन किए," तो म्हणाला, "एक ने भी बात नहीं की. सब काट देते हैं. एक बहनजी तो मुझेच समझाने लगी, कि भैया, ये धंधा छोड़ दो, मेहनत का खाओ." शेवटी वहीवरच्या शिक्क्यात शाळेचा नंबर सापडला तेव्हा कुठे माणूस बोलायला भेटला होता. परवा परतताना पिशवी गेटवर टाकतो म्हणाला. आणि ठेवता ठेवता म्हणाला, मेरी लड़की सातवीं में है, उसको भी ये सब सिखाना पड़ेगा.

सर जिना चढून परत आले तेव्हा पायरी पायाला लागत नव्हती. चौदा घरं. यातल्याच कुणाच्या तरी आईने अनोळखी माणसाला फोनवर उपदेश केला होता. आपण खडूने लिहिलेलं वाक्य फळ्यावरून उतरून, वाडीच्या गल्ल्यांतून फिरून, भंडाऱ्यापर्यंत जाऊन आलं होतं. एवढा मोठा प्रवास त्यांनी शिकवलेल्या कुठल्याच नदीने केला नव्हता.

वर्गात आल्यावर त्यांची नजर फळ्यावर गेली. नमुन्याची चौकट होती. कोपऱ्यात ‘पुसू नये’ होतं. चौकटीच्या आत मात्र काहीच नव्हतं.

"हे कुणी पुसलं?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा हात खिशातल्या फोनवर गेला. पटकन सुचला तो पासवर्ड त्यांना का सुचला होता, हे त्यांना आता आठवलं होतं.

"आमी पुसला सर, त्याच दिवशी," सोनिका म्हणाली. "आमचे खोटे होते. तुमचा खरा होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"लिहिताना तुमी थोडे लाजले होते. त्यात तुमच्या घरच्या बाईंचं नाव होतं न." वर्ग गालातल्या गालात हसला. "चौकट तशीच ठेवली, तुमाले वाईट वाटू नये म्हणून. अन् आमी तो पासवर्ड विसरून गेलो सर. सगळ्यांनी ठरवून."

तो पासवर्ड काय होता हे इथे सांगता येणार नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

सर खुर्चीवर बसले. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा पासवर्ड बदलायला घेतला. त्यांचं बोट पहिल्या अक्षरावर गेलं, आणि तेवढ्यात बाकांचा एक बारीकसा आवाज झाला. त्यांनी वर पाहिलं. आठवी ‘ब’च्या चोपन्नच्या चोपन्न पोरांनी, कुणी काही न सांगता, माना खिडकीकडे वळवल्या होत्या.